सडका जॉनी, खरजेचा उंदीर आणि प्राध्यापक अँटिक्राइस्ट

शून्य_डेसिबल (धागाकर्ता)

पंक आणि मेटल या रॉक संगीताच्या दोन कर्कश प्रकारांतल्या कलाकारांची स्टेजवरची नावं हा माझा जुना आवडता विषय. इतर संगीतात लोक नाव बदलतात ते सुटसुटीत, गोड, चटकन लक्षात राहील असं काहीतरी हवं म्हणून. या दोन पंथांत उलटा कारभार. चारचौघांत उच्चारायला लाज वाटेल असं नाव शोधायचं आणि ते पोस्टरवर ठळक छापायचं.

ही नावं वाचता वाचता माझं एक मत झालंय, ते मांडतो. दोन्हीकडची नावं सारखीच भडक दिसतात, पण त्यांची चाल उलट आहे. पंकमधलं नाव माणसाला खाली ओढतं, आणि बहुतेकदा ते दुसऱ्या कुणीतरी चिकटवलेलं असतं. मेटलमधलं नाव माणसाला वर चढवतं, आणि ते त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलेलं असतं.

आधी पंक. लंडन, १९७५-७६. सेक्स पिस्टल्स या बँडचा गायक जॉन लायडन. त्याचे दात खराब होते. बँडचा गिटारिस्ट स्टीव्ह जोन्स त्यावरून त्याला चिडवायचा. त्यातून तो झाला जॉनी रॉटन, म्हणजे सडका जॉनी. त्याचा मित्र जॉन सायमन रिची. लायडनने सिड नावाचा हॅमस्टर पाळला होता. तो एकदा रिचीला कडकडून चावला, ‘सिड भलताच व्हिशस (हिंस्र) आहे’ अशी बोंब झाली आणि त्या मूठभर प्राण्याचं नाव माणसाला जन्माचं लागलं. सिड व्हिशस या नावाची जगात जी काही दहशत होती तिच्या मुळाशी एक हॅमस्टर आहे.

द डॅम्ड या बँडचा ड्रमर ख्रिस मिलर. एका तळघरात ऑडिशनला आला तेव्हा अंगाला खरूज झालेली आणि तेवढ्यात जमिनीवरून उंदीर पळाला. झाला रॅट स्केबीज. त्याच बँडचा रेमंड बर्न्स. १९७६ साली फ्रान्समधल्या एका महोत्सवाला जाताना हा गडी खांद्यावर पट्ट्या असलेला शर्ट घालून विमानात पायलटची नक्कल करत होता, सगळं ठीक आहे, विमान ऑटोपायलटवर आहे म्हणून ओरडत होता. कुणीतरी वैतागून त्याला कॅप्टन सेन्सिबल म्हटलं. पंकमधलं सगळ्यात सभ्य नाव सगळ्यात वात्रट माणसाच्या वाट्याला आलं ते असं.

आता मेटल. न्यूकॅसलचा व्हेनम हा बँड घ्या. कॉनरॅड लँट झाला क्रोनॉस, जेफ डन झाला मँटास, टोनी ब्रे झाला अबॅडन. क्रोनॉस हा ग्रीक पुराणातला टायटन, अबॅडन हा बायबलातला पाताळाचा दूत. दात नाहीत, खरूज नाही. त्यांच्या १९८२च्या ‘ब्लॅक मेटल’ या अल्बमवरून पुढे एका अख्ख्या प्रकाराचं बारसं झालं, आणि नावं घेण्याची ही रीतही त्याच्यासोबत पसरली. नॉर्वेतल्या मेहेम बँडमध्ये युरोनिमस, नेक्रोबुचर, हेलहॅमर. ही नावं पोरांनी विचार करून, पुस्तकं आणि रेकॉर्डची कव्हरं चाळून घेतलेली आहेत. हेलहॅमरने तर आपलं नाव एका स्विस बँडवरूनच उचललं.

पटतंय का? नसेल तर अपवाद आणा.


खमंग_काकू

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). माझा आपला एकच प्रश्न, यांच्या आयांना काय वाटत असेल हो? पोराचं चांगलं ख्रिस नाव ठेवावं आणि त्याने पोस्टरवर उंदीर-खरूज छापून आणावं.


शून्य_डेसिबल

काकू, एका माणसाच्या बाबतीत तुमचा प्रश्न उलटा करावा लागतो. जीजी अ‍ॅलिन. हा स्टेजवर काय काय करायचा ते लिहिलं तर संपादक धागा उडवतील, त्यामुळे ते सोडून देतो. १९५६ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मला तेव्हा बापाने त्याचं अधिकृत नाव ठेवलं होतं जीझस क्राइस्ट अ‍ॅलिन. थोरल्या भावाला ‘जीझस’ म्हणता येईना, तो ‘जीजी’ म्हणायचा. शाळेत घालायच्या आधी आईने बिचारीने ते बदलून केव्हिन मायकल केलं. म्हणजे ज्या नावाने पुढे लोक थरथरले ते भावाच्या बोबड्या बोलातलं लाडाचं नाव. जन्मदाखल्यावरच्या नावापुढे कुठलंही स्टेजचं नाव फिकंच पडलं असतं.


चहा_आणि_खारी

+१. खुर्ची टाकून बसलोय.


ओस्लोकर

पंकबद्दल अनुमोदन. मेटलबद्दल थोडं थांबा. ‘स्वतःला वर चढवणं’ म्हणताना तुम्ही वय विसरताय.

ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरातल्या सेपुल्तुरा या बँडची १९८५ची पहिली रेकॉर्ड काढून पाहा. श्रेयनामावलीत मॅक्स ‘पझेस्ड’, इगोर ‘स्कलक्रशर’, पाउलो ‘डिस्ट्रक्टर’, जाइरो ‘टॉर्मेंटर’. यातला कवट्या फोडणारा इगोर तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मेहेमच्या युरोनिमसनेही सुरुवातीला ‘डिस्ट्रक्टर’ हेच नाव घेतलं होतं. म्हणजे साधारण एकाच काळात पृथ्वीच्या दोन टोकांना दोन पोरं स्वतःला विध्वंसक म्हणवून घेत होती आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. हे वर चढणं नाही. मिसरूड फुटायच्या वयात मोठ्या भावाचा कोट घालून बघणं आहे.

आणि ज्या नॉर्वेजियन नावांना जग सैतानी समजून घाबरलं त्यातली बरीचशी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनच्या कादंबऱ्यांतून आली आहेत. डिमू बोर्गिर बँडचा शाग्राथ हा मूळचा शाग्रात नावाचा ऑर्क, म्हणजे तिथला राक्षसी सैनिक. गोर्गोरोथ या बँडचं नाव म्हणजे मॉर्डोर या दुष्टांच्या देशातलं पठार. बुर्झुम हे बँडचं नाव म्हणजे तिथल्याच काळ्या बोलीतला शब्द. टोल्किन स्वतः निष्ठावान कॅथलिक. चर्चविरोधी चळवळीचं बारसं एका कॅथलिक प्राध्यापकाच्या पोथीतून झालं.

एम्परर या नॉर्वेजियन बँडमधल्या सामोथची पद्धत मला सगळ्यात आवडते. त्याचं नाव टोमास. थॉमसचं स्पेलिंग उलटं वाचायचं, झाला सामोथ. काम संपलं.


गावठी_गिटार

सामोथ पद्धत आत्ता घरात वापरून पाहिली. गणेशचा झाला शणेग. हा नक्की मॉर्डोरच्या दारावर पहाऱ्याला असणार. बायकोचं उलटं करून पाहिलं, ते इथे लिहीत नाही.


निवांतराव

धागा वेगळाच आहे. मला हे संगीत कळत नाही, कानाला त्रास होतो, पण नावांचा विषय आमच्याही प्रांतात येतो म्हणून लिहितो.

नारायणराव राजहंसांना टिळकांनी बालगंधर्व म्हटलं असं सांगतात. कुंदगोळकरांचे सवाई गंधर्व झाले. पुढे कुमार गंधर्व. ही नावं वर चढवणारी, पण ती वडीलधाऱ्यांनी किंवा रसिकांनी द्यायची. स्वतःहून ‘आजपासून मी गंधर्व’ असं जाहीर करणाऱ्याला नाटक कंपनीत दुसऱ्या दिवशी भाजी निवडायला बसवलं असतं. तेव्हा शून्य_डेसिबल, तुमच्या मांडणीत हा तिसरा प्रकार धरा.

आणि रॉटन-स्केबीज वाचून मला दगडू, धोंडू, केरबा आठवले. मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचे, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. लायडनला लहानपणी मेंदूज्वर झाला होता असं कुठेतरी वाचलं आहे. म्हणजे सडका नाव घेऊन तो एका परीने दगडूच झाला.


शून्य_डेसिबल

निवांतराव, दंडवत. मेंदूज्वराचं खरं आहे. सातव्या वर्षी झाला, कित्येक महिने रुग्णालयात होता, आणि बरा झाल्यावर बराच काळ त्याला आधीचं काही आठवत नव्हतं, आईवडीलही ओळखू येत नव्हते. ज्या मुलाला आपण कोण हेच एकदा नव्याने शिकावं लागलं त्याला पुढे मित्रांनी दिलेलं नाव अंगावर वागवायला फार जड गेलं नसावं. हा आपला माझा तर्क.


रानजाई

दगडू-धोंडूपर्यंत ठीक आहे, पण मग त्याच रांगेतली नकुशीही आठवा. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’, ‘नकोशी’ अशा नावांच्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती. त्या मुलींनी आपलं नाव पोस्टरवर छापून घेतलं नव्हतं. लंडनच्या पोराने स्वतःला सडका म्हणवणं ही चैन आहे, कारण वाटेल तेव्हा त्याला परत जॉन होता येतं. तेव्हा ‘दुसऱ्याने चिकटवलेलं नाव’ हा प्रकार एवढा हसण्यावारी नेऊ नका.

दुसरं, धाग्यात अजून एकही बाई आली नाही. (काकू सोडून.) आणि बायका आल्या की तुमची मांडणी मोडते, म्हणून आल्या नसाव्यात.

एक्स-रे स्पेक्स या पंक बँडची गायिका पॉली स्टायरीन. मूळ नाव मारियान इलियट-सेड, वडील सोमाली, आई ब्रिटिश. तिला कुणी चिडवून नाव दिलं नाही. तिने यलो पेजेस उघडली आणि आपल्या काळाला शोभेल असं काहीतरी प्लास्टिकचं शोधून काढलं. म्हणजे आपल्या भाषेत ही थर्माकोलबाई. दातात तारा, अंगावर भडक प्लास्टिकचे कपडे, आणि गाणी सगळी बाजारावर, जाहिरातींवर, बाईकडे वस्तू म्हणून पाहण्यावर. हे नाव खालीही ओढत नाही आणि वरही चढवत नाही. ते तिच्या गाण्यांचा विषयच आहे. तुमच्या त्या सगळ्या क्रोनॉस-अबॅडनांत एवढा नेमका विचार केलेलं एक नाव दाखवा.

पुढे १९८०च्या दशकात ती हरे कृष्ण पंथात गेली. तिच्याच बँडमध्ये आधी सॅक्सोफोन वाजवणारी लोरा लॉजिकही गेली. यलो पेजेसपासून हरिनामापर्यंत.


गावठी_गिटार

थर्माकोलबाई! आपल्याकडे २०१८ पासून बंदी आहे म्हणावं.


खमंग_काकू

रानजाई, नकुशीचं बरोबर बोललात. माझ्या माहेरच्या गावात एक होती. तिला कुणी नाव विचारलं की ती आडनाव सांगायची.


शून्य_डेसिबल

रानजाई, नकुशीबद्दल काहीच प्रतिवाद नाही. फक्त ‘वाटेल तेव्हा परत जॉन होता येतं’ एवढंच तपासून पाहू. १९७८ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत पिस्टल्स फुटले. लायडनने नवा बँड काढला तो खऱ्या नावाने, कारण ‘जॉनी रॉटन’ हे नाव आपल्या मालकीचं असल्याचा दावा मॅनेजर माल्कम मॅक्लॅरेनने केला होता. कज्जा चालला आणि १९८६ साली निकालात निघाला. दात याचे, टोमणा जोन्सचा आणि मालकी मॅनेजरची.

पॉली स्टायरीनमुळे मांडणी वाकते हे मात्र कबूल. बिली आयडॉलही तसाच म्हणावा लागेल. शाळेतल्या शिक्षकाने ‘विल्यम आळशी आहे’ असा शेरा मारला होता, त्या इंग्रजी ‘आयडल’चं स्पेलिंग बदलून याने स्वतःची मूर्ती करून घेतली. शेरा दुसऱ्याचा, चढवणं स्वतःचं. अर्धा पंक, अर्धा मेटल.

आणि एक व्यावहारिक कारण आपण सगळेच विसरतोय. यातले बरेच जण बेकारभत्त्यावर जगत होते. पेपरात खऱ्या नावानिशी ‘काल रात्री अमक्याने अमुक ठिकाणी वाजवलं’ असं छापून आलं की भत्ता बंद. रॅट स्केबीज या नावाचा माणूस मात्र कुठल्याच सरकारी यादीत सापडत नाही.


चहा_आणि_खारी

भत्त्याचं कारण एक नंबर. आता हा धागा अर्थकारणात गेला.


बेसूर_बासरी

कुणीच पाचगणी काढली नाही अजून? मग मीच काढतो.

१९७७. लंडनचा वेसेक्स स्टुडिओ. एका खोलीत फ्रेडी मर्क्युरीचा क्वीन हा बँड, शेजारच्या खोलीत सेक्स पिस्टल्स. सिड व्हिशस झिंगलेल्या अवस्थेत क्वीनच्या खोलीत शिरला आणि फ्रेडी मर्क्युरीला खिजवू लागला, काय रे, बॅले जनतेपर्यंत पोचवलास का? फ्रेडीने नंतर मुलाखतीत सांगितलं की आपण त्याला ‘सायमन फेरोशस’ की कायसं म्हटलं, आणि ते त्याला मुळीच रुचलं नाही.

मजा बघा. व्हिशस म्हणजे हिंस्र, फेरोशस म्हणजेही हिंस्रच. पण पुढे त्याचं खरं, आईने ठेवलेलं ‘सायमन’ जोडलं आणि हिंस्रपणाची हवा गेली. आणि हा टोला मारणारा कोण, तर पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा. बोर्डिंगच्या शाळेत नावं ठेवण्याचं जे शिक्षण मिळतं ते लंडनच्या तळघरांत मिळत नाही. शाळेत त्याला स्वतःला पुढे आलेल्या दातांवरून ‘बकी’ म्हणायचे. त्याने ते नाव पंकवाल्यांसारखं अंगावर मिरवलं नाही. सरळ बुध ग्रह घेतला.


शून्य_डेसिबल

वा! म्हणजे दातांवरून एक रॉटन झाला आणि दुसरा मर्क्युरी. हा किस्सा माझ्या मांडणीला मिळालेला आतापर्यंतचा सगळ्यात चांगला पुरावा.


आडवाट

तुम्ही सगळे हसताय, हसा, पण एक कोपरा मोकळा राहिलाय म्हणून लिहितो. मेहेमचा एक गायक स्वतःला ‘डेड’ म्हणवायचा, मूळचा स्वीडिश मुलगा, पेर ओलिन. १९९१ साली त्याने स्वतःचा जीव घेतला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. १० ऑगस्ट १९९३ला युरोनिमसचा खून झाला. खून करणारा बुर्झुमचा वार्ग विकेर्नेस, तो स्वतःला ‘काउंट ग्रिश्नाख’ म्हणवायचा, हेही टोल्किनचंच ऑर्क. चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांतही तो दोषी ठरला. तेव्हा ‘मोठ्या भावाचा कोट’ म्हणून किती सोडून द्यायचं? मला तरी असं वाटतं की काही जणांनी नाव घेतलं आणि मग त्या नावाला शोभेल असं वागणं भाग पडलं.


ओस्लोकर

आडवाट, मुद्दा रास्त आहे, पण कारण नावात शोधू नका. ओलिनला लहानपणी शाळेत जबर मारहाण झाली होती, आणि तो आजारी होता हे सोबतच्या सगळ्यांना दिसत होतं. त्याला मदतीची गरज होती. ‘डेड’ नावामुळे ती गरज लोकांना सोंग वाटली असेल तर तो दोष ऐकणाऱ्यांचा.

विकेर्नेसबद्दल इथल्या वर्तमानपत्रांचा वाटा मोठा आहे. त्यांनी त्याला खटल्याच्या बातम्यांमध्ये सरसकट ‘काउंट’ करून टाकलं. टोल्किनमधला दुय्यम दर्जाचा ऑर्क एका रात्रीत सरदार झाला. खुन्याला खऱ्या नावाने हाक मारणं एवढं तरी पेपरवाल्यांना जमायला हवं होतं. मी त्याची गाणी ऐकत नाही, नावही आज नाइलाजाने लिहिलं.

हे झाल्यावर दुसरी बाजूही सांगतो. याच पिढीतला डार्कथ्रोन बँडचा फेनरिझ, खरं नाव गिल्वे नागेल, बरीच वर्षं टपाल खात्यात नोकरीला होता. ओस्लोजवळच्या कोल्बोत्न गावात राहतो. तिथल्या एका पक्षाने २०१५च्या स्थानिक निवडणुकीत उमेदवार यादीत त्याचं नाव तळाशी घालू का म्हणून विचारलं. हा हो म्हणाला. प्रचाराला स्वतःचा मांजर घेतलेला फोटो दिला आणि सोबत ‘कृपया मला मत देऊ नका’. लोकांनी दिली. राखीव सदस्य म्हणून निवडून आला आणि बैठकांना जावं लागणार म्हणून वैतागला.


गावठी_गिटार

मांजरवाल्या फोटोला माझंही मत.

पंकच्या बाजूनेही एक उमेदवार आहे. डेड केनेडीज या बँडचा गायक जेलो बियाफ्रा. खरं नाव एरिक बुशे. जेलो म्हणजे अमेरिकेतली ती हलणारी रंगीत जेली, आणि बियाफ्रा म्हणजे नायजेरियातला तो प्रदेश जिथे १९६७ ते १९७०च्या युद्धात उपासमारीने लाखो माणसं मेली. भरल्या पोटाची जेली आणि भुकेने मेलेली पोरं एकाच नावात. हे नाव ऐकून हसू येतं आणि मग लाज वाटते, ते मुद्दामच आहे. त्याने १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदाची निवडणूक लढवली. जाहीरनाम्यात एक कलम होतं, शहराच्या हद्दीत व्यावसायिकांनी विदूषकाचे कपडे घालावेत. सहा हजारांच्या वर मतं पडली. निवडून आल्या डायॅन फाइनस्टाइन.

रानजाईंनी विचारलेलं ‘नेमका विचार केलेलं नाव’ माझ्या मते हे. पण हा पण पंकच. मेटलचा भोपळा अजून फुटला नाही.


धोबीतलाव_लोकल

मेटलचा भोपळा मुंबईने फोडला आहे.

मुंबईच्या रंगभवनातल्या रॉक मैफलींचे दिवस पाहिलेल्यांना डेमॉनिक रिझरेक्शन माहीत असेलच. साहिल मखिजाने २००० साली सुरू केलेला बँड. स्वतःचं नाव ‘डीमनस्टीलर’. राक्षस होणं तर सगळेच करतात, हा राक्षस चोरून नेतो. आणि हाच माणूस यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ नावाने स्वयंपाक शिकवतो. पंथातल्या पुष्कळ जणांना याची गाणी माहीत नाहीत, पण याची कीटोची रेसिपी बघून बिनापिठाचे पदार्थ केलेत. २०१७ मध्ये बँडने अख्खा अल्बम दशावतारांवर काढला, मत्स्यापासून ओळीने. वेंगुर्ल्याकडच्या दशावतारात संकासुराला पाहून लहानपणी पळालेल्या माणसाला हा अल्बम जास्त कळतो, असं आपलं माझं मत.

दुसरा मुंबईचाच ‘भयानक मौत’. २००३ पासून. सरळ आपल्या भाषांतलं नाव, ग्रीक नाही, नॉर्स नाही. हे नाव मोठ्याने घ्या. भीती आधी वाटते की हसू आधी येतं, हे ठरवता येत नाही. रामसेंच्या सिनेमांवर वाढलेल्या पिढीला यापेक्षा चपखल नाव मिळालं नसतं.


खमंग_काकू

अरे ते डीमनस्टीलर म्हणजे तो टक्कल-दाढीवाला मुलगा? त्याची फुलकोबीची कृती मी करून पाहिली आहे! एवढा शांतपणे समजावून सांगतो तो. तो राक्षस आहे हे मला कुणी सांगितलंच नाही.


योकोहामाची_वहिनी

राक्षस आणि शांतपणे समजावणं यावरून. इकडे जपानमध्ये सेइकिमात्सु नावाचा हेवी मेटल बँड होता. त्याचा गायक डेमन काक्का. यातलं ‘काक्का’ हे मंत्री-राजदूतांना लावायचं आदरार्थी संबोधन आहे, पण घरी आम्ही त्यांना डेमन काकाच म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की आपण माणूस नसून राक्षस आहोत आणि वय एक लाख वर्षांच्या पुढे आहे. मुलाखतीतही ते यावरून ढळत नाहीत. जगाचा अंत करायला आलो म्हणून सांगत होते, आणि ठरल्याप्रमाणे ३१ डिसेंबर १९९९ला रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंदांनी बँड विसर्जित केला.

काका सुमो कुस्तीचे गाढे जाणकार आहेत. एनएचकेवर, म्हणजे इथल्या दूरदर्शनवर, पांढरा चेहरा आणि उभे केस अशा पूर्ण रंगरंगोटीत बसून सुमोचं समालोचन करतात. माझ्या सासूबाईंच्या वयाच्या बायका मान डोलावत ऐकतात. वासेदा विद्यापीठाचे पदवीधर आहेत, बोलणं अतिशय अदबीचं.


निवांतराव

वहिनी, हे मला सगळ्यात पटलं. सोंग आणायचं तर शेवटपर्यंत निभवायचं, आणि ज्या विषयात बोलायचं त्याचा अभ्यास हवा. जुन्या नटांची हीच शिस्त होती.


ओस्लोकर

मग शीर्षकातल्या प्राध्यापकांचंही सांगून टाका, शून्य_डेसिबल. नावं शीर्षकात टाकून गायब होताय.


शून्य_डेसिबल

होय होय. सेपुल्तुराच्याच गावचा सार्कोफागो हा बँड. त्यांचा १९८७चा पहिला अल्बम नॉर्वेच्या त्या सगळ्या पोरांनी पारायणं केल्यासारखा ऐकला. कव्हरवर चेहरे रंगवून, काडतुसांचे पट्टे लावून कबरस्तानात उभे. गायक वाग्नर लामुनिये, नाव ‘अँटिक्राइस्ट’, म्हणजे ख्रिस्ताचा शत्रू. पुढे बँड संपला आणि हे गृहस्थ मिनास जेराइसच्या फेडरल विद्यापीठात प्राध्यापक झाले. विषय अर्थशास्त्र. म्हणजे ब्राझीलमध्ये कुणीतरी विद्यार्थी असा असेलच ज्याला अँटिक्राइस्टने आकडेमोडीत नापास केलं.

नावाच्या लांबीचा मान मात्र कॅनडाच्या ब्लास्फेमी या बँडला. त्यांच्या १९९०च्या अल्बमवरच्या बासवाल्या गायकाचं नाव मराठीत लिहितो: ‘रात्री थडगी विटाळणारा आणि काळे वारे’. एका माणसाचं नाव आहे हे. गिटारवाला ‘वादळांना हाक घालणारा’. ड्रमरचं नाव एवढं लांब की टाईप करताना चहा गार होईल.


चहा_आणि_खारी

‘आणि काळे वारे’ म्हणजे नक्की काय? आडनाव आहे का?


गावठी_गिटार

लग्नपत्रिकेत कसं छापायचं? ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे ज्येष्ठ चिरंजीव रात्री थडगी विटाळणारा आणि काळे वारे यांचा शुभविवाह’.


खमंग_काकू

बरं, हसून झालं. आता सांगा, यांच्यात एखादी आई होती का हो? म्हणजे पोरंबाळं सांभाळून असलं नाव घेऊन स्टेजवर गेलेली. रानजाई, तुम्हालाच माहीत असेल.


रानजाई

होती ना काकू. व्ही सबव्हर्सा. खरं नाव फ्रान्सिस सोकोलोव्ह, जन्म १९३५. पॉयझन गर्ल्स हा बँड १९७६ मध्ये ब्रायटनला सुरू झाला तेव्हा तिची चाळिशी उलटलेली, दोन मुलं पदरात. सभोवती सगळी वीस-बावीसची पोरं, आणि ही मध्यमवयीन बाई माइकसमोर उभी राहून घरकाम, लग्न, युद्ध, म्हातारपण यांवर गायची. नाव सरळ ‘उलथवून टाकणारी’ या अर्थाचं, कुणी चिडवून दिलेलं नाही, आणि राक्षसीणही नाही. पुढे एसेक्समध्ये क्रास या बँडच्या शेजारी येऊन राहिले, दोघांनी मिळून खूप कार्यक्रम केले.

आणि मुलांचं म्हणाल तर दोन्ही मुलं शाळेच्या वयातच बँडमध्ये. मुलाने नाव घेतलं पीट फेंडर, गिटारच्या कंपनीवरून. मुलीचं जेम्मा, ती झाली जेम स्टोन.


खमंग_काकू

मुलांनी बरी साधी नावं घेतली की! नाहीतर घरात जेवायला हाक मारताना पंचाईत.


ओस्लोकर

काकू, पीट फेंडर साधं नाही. पंकमध्ये कंपनीचं नाव लावणं म्हणजे आईच्या तत्त्वाविरुद्ध बंड. द स्लिट्स या बायकांच्या पंक बँडच्या ड्रमरचं ‘पामोलिव्ह’ आठवा. तिचं पालोमा हे स्पॅनिश नाव द क्लॅश बँडच्या पॉल सिमननने मुद्दाम वाकडं म्हटलं आणि ती साबण झाली. हे तर पंक, तेही दुसऱ्याने चिकटवलेलं. शून्य_डेसिबल, एक गुण तुम्हाला.


धोबीतलाव_लोकल

पामोलिव्ह दा जवाब नहीं. कपिल देवने उगाच नाही सांगितलं.


रानजाई

हसा. पण ती खरंच बँड सोडल्यावर भारतात येऊन राहिली होती, अध्यात्माच्या शोधात. नंतर अमेरिकेत जाऊन ख्रिस्ती श्रद्धेकडे वळली. साबणाचं नाव घेतलेली ही, आणि थर्माकोलवाली ती, दोघींची वाट भारताकडेच वळली. यावर वेगळा धागा काढते, इथे फार अवांतर होतंय.